पंचवीस रेघांचा डोंगर

आश्विनात आमच्या घरी बाबांना ताट वाढण्याआधी माय एक प्रश्न विचारायची. बाबा तलावावरून परत यायचे, अंगणातल्या दगडावर उभं राहून पोटऱ्यांपर्यंतचा चिखल धुवायचे, आणि चुलीपुढे बसलेली माय मान न वळवता म्हणायची, "शेवटची बांधी भिजली?" बाबा "भिजली" म्हणाले की ताट यायचं. "अजून नाई" म्हणाले की माय भातावर दुसरी थाळी झाकायची आणि बाबा तसेच ओल्या पायांनी परत फिरायचे. या प्रश्नात रुसवा नव्हता की धाकही नव्हता. दुसऱ्या घरांतून बायका नवऱ्याला "आलात का" म्हणतात, तसा आमच्या मायचा हा प्रश्न होता. मी लहानपणापासून तो इतक्या वेळा ऐकला की सगळ्याच घरांत जेवणाआधी हे विचारत असतील असं मला बरीच वर्षं वाटायचं.

बाबा गावच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी आणि किती वेळ सोडायचं ते पाहणारे. धानाच्या शेताच्या चौकोनी तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतल्यावर गावकीची जुनी कामं एका दिवसात सोडून दिली होती आणि पुन्हा कोणाच्या दारात त्यासाठी उभे राहिले नव्हते. पाण्याचं काम मात्र वेगळं होतं. ते वाट्याला आलेलं नव्हतं, गावानं सभेत हात वर करून बाबांना दिलेलं होतं, कारण एका वर्षी पाण्यावरून काठ्या निघाल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना ज्याचा शब्द चालेल असा माणूस गावात एकच निघाला. बाबांनी काम घेताना एकच अट घातली. पाणी शेपटीकडून सुरू होईल. तलावापासून सगळ्यात दूर जी शेवटची बांधी, तिला आधी, आणि तलावाला लागून जी, तिला सगळ्यात शेवटी. आमची स्वतःची दीड एकर तलावाच्या पायथ्याशीच होती. म्हणजे पाणकराच्या घरचं धान दरवर्षी सगळ्यांच्या मागून भिजायचं. मी हे सांगते तेव्हा अजूनही माझी मान जरा ताठ होते, आणि ती होऊ द्यावी असं मला वाटतं.

घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे शेवग्याचं झाड. सकाळी मायच्या कांडणाचा आवाज आणि संध्याकाळी विहारातली वंदना, या दोन आवाजांच्या मध्ये आमचा दिवस बसायचा. जेवणात भात आणि लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आणि तलाव आटू लागला की झिंगे. सुक्या झिंग्यांचा वास पाहुण्यांना सोसत नाही, आम्हाला त्याशिवाय भात उतरायचा नाही. आता माझ्या शहरातल्या घरी झिंगे भाजले की शेजारच्या बाई खिडकी लावून घेतात. मी आपली माझी खिडकी उघडी ठेवते.

तेव्हा मी पवनीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन गेला होता, पण आमच्या भूगोलाच्या खोलीतल्या नकाशावर भंडारा अजून जुनाच, लांबरुंद होता आणि नवीन नकाशा यायचा होता. त्याच खोलीत एके दिवशी सरांनी एक पत्र वाचून दाखवलं. हिमालयात, खूप उंचावरच्या एका बुग्यालात, मुलामुलींचं आठ दिवसांचं शिबिर होतं. बुग्याल म्हणजे झाडं संपतात त्याच्याही वरचं गवताचं रान. आठ कॉलेजांतून दोन-दोन जण घेणार होते, खर्च त्यांचा. अट अशी की, येऊ इच्छिणाऱ्या जोडीनं सोबतच्या नकाशावरून तीन दिवसांच्या तीन फेऱ्या आखून पाठवायच्या. सकाळी तंबूतून निघायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं, वाट कुठून, विसावा कुठं, पाणी कुठं, जेवण कुठं, चालण्याचा क्रम काय, सगळं लिहायचं. ज्यांची आखणी शहाणपणाची त्यांनाच बोलावणं. वर्गात कोणी हात वर केला नाही. मग कोंढ्याच्या वनितानं केला, कारण ती कशालाही करायची, आणि तिनं मला कोपरानं ढोसलं म्हणून मीही केला.

मी तोवर पाहिलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे आमच्या तलावाची पाळ, जिला आम्ही पार म्हणतो. पण मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आज सांगताना हसू येतं. मी तो नकाशा वहीत घालून उशाशी घेऊन झोपायचे. आमच्या घरातलं कोणी नागपूरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, आणि माझ्यापुढे एक कागद होता जो नीट भरला तर मी जाणार होते आणि बिघडवला तर नाही. इतकी सरळ गोष्ट माझ्या आयुष्यात त्याआधी आली नव्हती.

नकाशा म्हणजे काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर रेघाच रेघा. वाकड्यातिकड्या, एकीत एक. वनिता आणि मी आमच्या पडवीत पोटावर पडून त्या पाहत होतो, आणि धानाच्या मुलखातल्या पोरींना जे दिसायला हवं तेच आम्हाला दिसलं. धुरे. तलाठ्याकडच्या गावनकाशात रेघा म्हणजे धुरेच असतात. आम्ही ठरवलं की धुऱ्याधुऱ्यानं चालायचं आणि जिथं गरज असेल तिथं एका धुऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं. एका बाजूला रेघा अगदी दाट होत्या. वनिता म्हणाली, "इथं पाय, कशा बारक्या बारक्या बांध्या आहेत. भावाभावात वाटण्या झाल्या असतीन." दुसऱ्या बाजूला रेघा लांब लांब होत्या, तर ते कोणातरी बड्या असामीचं रान असणार आणि तो आपल्याला जाऊ देणार नाही, असं आम्ही गृहीत धरलं. म्हणून तिसऱ्या दिवसाची मोठी फेरी आम्ही दाट रेघांमधून सरळ वर नेली. लांबी पट्टीनं मोजली. आमच्या आसगावहून पवनीला पायी जायला लागतो त्याहून कमी वेळ येत होता. आम्ही इतक्या खूश झालो की मायनं दिलेले मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि फुटाणे संपवून आणखी मागितले.

सरांनी आमचा कागद वाचला आणि आधी गालात, मग मोठ्यानं हसले. वाईट माणूस नव्हते, पण हसू आलं की थांबवता यायचं नाही त्यांना. त्यांनी कागद वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "या दोघी पोरी कड्यावरून सरळ वर चढून राहिल्या बरं का! भिंतीवर पाल चढते तशा." मग माझ्याकडे वळले. "सुजाता, समोच्च रेषा म्हणजे काय?" मी उभी राहिले आणि घडाघडा म्हणाले, समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेली ठिकाणं जोडणारी रेषा. नववीपासून पाठ होतं. त्यासाठी मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. सर म्हणाले, "मंग?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मला पाठ होतं, पण त्याचा अर्थ मी कधी विचारलाच नव्हता. आज शुक्रवार, सोमवारी टपाल निघणार, जमत असेल तर पाहा, असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

घरी येऊन मी पडवीत बसले आणि रडले. वनिता कोंढ्याला आपल्या घरी निघून गेली होती, नाहीतर तिनं रडू दिलं नसतं. वैशाखाची दुपार होती, तलावाची तुडुंब, म्हणजे पाणी सोडायची मोरी, बंद होती, त्यामुळे बाबा घरीच दोरखंड वळत बसले होते. ते उठून आले.

"कायले रडून राहिली वं, बाई?"

मी कागद पुढे केला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, वरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग जमिनीवर ठेवून त्याच्यापुढे उकिडवे बसले. मग बोटानं एका रेघेवरून पूर्ण फिरून जिथून सुरू केलं तिथं परत आले.

"ह्या तलावाच्या पोटातल्या रेघा आहेत," ते म्हणाले.

"बाबा, हा डोंगर आहे."

"असन डोंगर. पण रेघा त्याच आहेत. चाल, दाखवतो."

माझा विश्वास नव्हता, पण रडून झालं होतं आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही तलावावर गेलो. पाणी मधोमध आटून एका थाळीएवढं राहिलं होतं आणि सगळं पोट उघडं पडलं होतं. मी जन्मापासून दर उन्हाळ्यात ते पाहत आले होते. पाणी आटता आटता जिथं जिथं काही दिवस थांबतं, तिथं तिथं कडेला वाळलेलं शेवाळ आणि गोगलगायींची पांढरी कवचं मागे राहतात, त्यांची एक रेघ उमटते. आणखी आटलं की खाली दुसरी रेघ. सगळ्या तलावाला अशा रेघा होत्या, एकीत एक, वाकड्यातिकड्या. बाबांनी मला एका रेघेवर उभं केलं. "आता हिच्यावरूनच चाल. सोडू नको." मी चालले. तलावाला अर्धी फेरी घातली. चढ नाही, उतार नाही. "कसं वाटलं?" "सपाट," मी म्हणाले. "मंग! पाणी उभं राह्यते तिची रेघ आहे ते. पाण्याले चढउतार नसते." मग त्यांनी मला पारीच्या बाजूला नेलं. तिथं रेघा एकमेकींना खेटून होत्या आणि एकीवरून दुसरीवर जाताना मला हात टेकावे लागले. समोरच्या अंगाला, जिथं गावची गुरं चरायची, तिथं एका रेघेपासून दुसरी इतकी लांब होती की चढतोय हे कळतही नव्हतं.

दाट रेघा म्हणजे भावाभावांच्या वाटण्या नव्हत्या, कडा होता. लांब लांब रेघा म्हणजे बड्या असामीचं रान नव्हतं, कुरण होतं, तेच बुग्याल होतं ज्यासाठी सगळा खटाटोप. नववीपासून पाठ असलेलं ते वाक्य माझ्या पायाखाली पसरलेलं होतं. मी हसायला लागले आणि बाबाही हसले, आपण काही मोठं केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

शनिवार-रविवार आम्ही तिघांनी तो कागद नव्यानं लिहिला. वनिता सायकलनं येऊन जाऊन होती. कागदावर लिहिलं होतं की एका रेघेपासून वरची दुसरी रेघ वीस मीटर उंच. बाबांना पारीची उंची तोंडपाठ होती, सात मीटरही नाही. म्हणजे एक रेघ म्हणजे तीन पारी. तंबूपासून वरच्या बुग्यालापर्यंत पंचवीस रेघा ओलांडायच्या होत्या. माय सरपण घेऊन आत येत होती, तिनं हिशेब ऐकला आणि मोळीसकट थबकली. "पंच्याहत्तर पारी? एका दिवसात? बापा!" मग बाबांनी घड्याळ लावून आम्हाला पार चढायला लावली, पाठीवर तांदळाची पिशवी देऊन, आणि किती वेळ लागतो ते वनितानं लिहिलं. वाट आम्ही नवी काढली. जिथवर जमेल तिथवर एकाच रेघेनं आडवं जायचं, जिथं रेघा लांब असतील तिथून वर सरकायचं, ओढा ओलांडायचा तो वरच्या अंगाला. लांबी दुप्पट झाली आणि चढ निम्मा. दुपारनंतर डोंगरात ढग येतात असं पत्रात होतं, म्हणून साडेअकराला वर पोचायचं आणि साडेबाराला परत निघायचं, हे पक्कं केलं.

शेवटचा रकाना चालण्याच्या क्रमाचा होता. मी लिहिलं होतं, दमदार पुढे, कमजोर मागे. बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"असं काहून लिहिलं?"

"असंच असते बाबा. पुढचे वाट काढतात, मागचे येतात."

"नाई येत," बाबा म्हणाले. "मागचे नाई येत. पुढच्याले पाणी कवाही भेटते. त्याले आधी देल्लं तर तो शेपटीवाल्याले विसरून जाते. मी पाहिलं आहे ते. जो सगळ्यात हळू चालन, त्याले पुढे ठेव. मंग कोणी सुटत नाई."

वनिता म्हणाली, "पण काका, मग सगळेच हळू जातीन."

"जाऊ दे न. सगळे जातीन न पण?"

मी ते खोडलं आणि लिहिलं, सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. त्याखाली एका ओळीत कारणही लिहिलं, आमच्या गावच्या तलावाचं पाणी असंच वाटलं जातं म्हणून.

महिन्याभरानं उत्तर आलं. सरांनी ते वर्गात वाचलं, आणि या वेळी हसले नाहीत. आम्हाला बोलावलं होतं, इतकंच नाही, तर तिसऱ्या दिवशी सगळं शिबिर आमच्या वाटेनं जाणार होतं. मी बाकावर बसले होते ती उठून उभी राहिले आणि का उभी राहिले ते न कळून पुन्हा बसले. पुढची एक गोष्ट इथंच सांगून टाकते. सर त्या रविवारी स्कूटरवर आसगावला आले आणि बाबांना म्हणाले, तलाव दाखवा. नंतर निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात ते वर्ग घेऊन यायचे, पोरांना कवचांच्या रेघेवरून चालायला लावायचे, आणि बाबा बाजूला उभे राहून "सोडू नको, रेघ सोडू नको" म्हणायचे. मला यापेक्षा मोठा सत्कार माहीत नाही.

निघेपर्यंत मी रोज सकाळी पार चढायचे आणि उतरायचे. धुणं धुणाऱ्या बायका म्हणायच्या, "अवं सुजाता, वर काई ठेवलं आहे का विसरून?" मी त्यांना दात दाखवून पुन्हा चढायचे. मायनं शिदोरीत मुर्रा, फुटाणे आणि गूळ बांधून दिला, सोळा जणांना पुरेल एवढा, कारण मी एकदा बोलताना म्हणाले होते की शिबिरात सोळा जण असतील.

बुग्यालाचं वर्णन मी करणार नाही, ते मला जमत नाही. इतकंच सांगते की पहिल्या सकाळी तंबूचा पडदा उचलला आणि वाटलं, इतकं हिरवं आणि एकही धुरा नाही? शिबिराचे प्रमुख एक निवृत्त फौजी होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या दोन दिवसांच्या फेऱ्या लहान होत्या, आणि त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली जी मी कोणालाही सांगितली नाही. सोळा जणांत सगळ्यात हळू मी होते. डोकं दुखत नव्हतं, पाय भरत नव्हते, फक्त श्वास पुरत नव्हता. वनिता शेळीसारखी पुढे पळायची. नाशिकचा एक उंच मुलगा होता, लहानपणापासून गड चढलेला, तो वर पोचून शीळ वाजवत बसायचा आणि मी सगळ्यांच्या मागून यायचे, बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करत.

तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच उस्तादांनी सगळ्यांना उभं केलं, आमचा कागद हातात घेतला आणि क्रमाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "जो सबसे धीमा है, वो आगे चलेगा. कौन है सबसे धीमा?" सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. मी पण पाहिलं. वाट मी आखलेली. आखणाऱ्यानं पुढे चालायचं तर ते मानानं, असं मी आगगाडीत बसल्यापासून मनात रंगवत आले होते. आता पुढे जायचं होतं ते सगळ्यात कमजोर म्हणून, सोळा जणांसमोर हात वर करून. मी गप्प राहिले असते तर दुसरंच कोणी पुढे गेलं असतं आणि मी नेहमीसारखी मागून आले असते, नाहीतर आलेही नसते. उस्तादांनी आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलंच होतं की वाटलं तर तंबूत थांब, कोणी काही म्हणणार नाही. मला थांबायचं नव्हतं. पण हातही वर होत नव्हता. आणि मग मला आमची दीड एकर आठवली, तलावाला लागून असलेली, सगळ्या गावाच्या मागून भिजणारी, आणि तिच्या धुऱ्यावर उभे राहून आपलंच कोरडं धान पाहणारे बाबा. त्यांना हे दरवर्षी जमत होतं. मी हात वर केला.

"मैं," मी म्हणाले.

नाशिकचा मुलगा हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. "मग साडेअकराला पोचलो आपण." उस्तादांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मान हलवली आणि मला पुढे उभं केलं.

मी चालले. एका रेघेनं आडवं, मग हळूच वर. नकाशा माझ्या हातात होता, पण खरं तर मला पारच दिसत होती. तीन पारी झाल्या की मी थांबायचे, दहा श्वास घ्यायचे, आणि म्हणायचे, "एक रेघ झाली." माझ्या मागे पंधरा जण थांबायचे. सुरुवातीला मला त्यांच्या थांबण्याची लाज वाटत होती. सहाव्या-सातव्या रेघेपासून मागून कोणीतरी आकडा म्हणू लागलं. दहाव्यानंतर सगळेच म्हणू लागले, ज्याच्या त्याच्या भाषेत. ओढा आला तो वरच्या अंगाला, उडी मारून ओलांडता येईल एवढा, कागदावर लिहिला होता तसाच. कड्याचा भाग आमच्या डाव्या हाताला राहिला. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं, ज्यावरून आम्ही पालीसारख्या चढणार होतो, आणि पुन्हा पाहिलं नाही. विसाव्या रेघेला माझ्या छातीत भाता चालला होता. वनिता मागून म्हणाली, "हळू चाल वं, मी थकून राहिली." ती थकली नव्हती. तिला मी आजवर त्या एका खोट्यासाठी मानते.

पंचविसावी रेघ कधी ओलांडली ते कळलं नाही, कारण तिथून पुढे रेघाच नव्हत्या. गवत आणि गवत, मध्ये बारकी पिवळी फुलं, आणि पलीकडे बर्फ. उस्तादांनी घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ग्यारह दस." वीस मिनिटं आधी. मग त्यांनी मागे वळून डोकी मोजली. पुन्हा मोजली. सोळा. ते म्हणाले की या शिबिराला इतकी वर्षं झाली, वरच्या बुग्यालात सगळेच्या सगळे एकदम कधी आले नव्हते, दोन-तीन तरी खाली राहायचेच. मी मायची शिदोरी सोडली. नाशिकचा मुलगा मुर्रा मूठभर तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिला, मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गडावर मी नेहमी वर जाऊन मागच्यांची वाट बघत बसतो. आज कोणाची वाटच बघावी लागली नाही." मी त्याला आणखी गूळ दिला.

साडेबाराला निघालो. तंबूत पोचलो आणि अर्ध्या तासात गारा सुरू झाल्या. उस्तादांनी चहा पिताना विचारलं की हा क्रम कोणी शिकवला, कोणत्या संस्थेत? मला त्या क्षणी जे वाटलं तसं पुन्हा फार थोड्या वेळा वाटलं आहे. मी सोळा जणांसमोर, गारांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून जवळजवळ ओरडून म्हणाले, "मेरे बाबा ने. हमारे गाँव के तालाब का पानी वो बाँटते हैं."

आता माझी पन्नाशी जवळ आली. त्यानंतर मी आणखी डोंगर पाहिले, शाळेच्या पोरींना घेऊन कितीतरी फेऱ्या आखल्या, आणि एकाही कागदावर तो रकाना वेगळा भरला नाही. तलावाला आता लोखंडी दार बसलं आहे. बाबा काठी घेऊन उन्हाळ्यात रेघा पाहायला जातात.

शिबिराहून परत आले ती दुपारची एसटी होती. आसगावच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत आले, नाक सोलवटलेलं, बूट फाटलेले. बाबा पडवीत दोरखंड वळत होते, ते नुसते हसले आणि सरकून जागा केली. माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, बर्फ, गारा, पिवळी फुलं, कुठून सुरू करावं कळत नव्हतं. मी अंगणातल्या दगडावर उभी राहून पाय धुवू लागले. माय चुलीपुढे होती. झिंग्यांचा वास येत होता. तिनं मान वळवली नाही.

"शेवटची बांधी भिजली?" तिनं विचारलं.

हा प्रश्न तिनं तोवर फक्त बाबांना विचारला होता. मी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं.

"भिजली, माय," मी म्हणाले. "मीच होती शेवटची."

मायनं ताट वाढलं.